तुम्ही राक्षस होता तेव्हा बरं होतं

आबा,

उद्या गुरुपौर्णिमा आहे आणि आमच्या कॉलनीतल्या दत्ताच्या देवळात माझी पाद्यपूजा करायचं ठरलंय. तुम्हाला हसू येईल. मलाही आधी आलं होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर वेळ जावा म्हणून मी दुपारची पोथी सांगायला बसले. समोर आठ-दहा बायका असायच्या, त्यातल्या निम्म्या वाती वळत ऐकायच्या आणि उरलेल्या पेंगायच्या. आता सभामंडप पुरत नाही, बाहेर सतरंज्या टाकाव्या लागतात, आणि मी 'बाई'ची 'माई' कधी झाले ते मलाही कळलं नाही. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ देवळाचं सगळं बघतात. त्यांनी चांदीचं तबक आणून ठेवलंय. माझ्या पायांवर दूध कुणी घालायचं, पाणी कुणी घालायचं, पाय कुणी पुसायचे, हे सगळं ठरवून मोकळे झालेत. मी नको म्हणणार आहे. आज दिवेलागणीच्या आत त्यांच्या घरी जाऊन तोंडावर सांगणार आहे. पण सांगताना जीभ अडखळू नये म्हणून आधी तुमच्याशी बोलून घेते, कारण या बाबतीत आपल्या घरात अनुभवी माणूस म्हणजे तुम्ही एकटेच.

तुम्ही राक्षस होता ते दिवस मला चांगले आठवतात. नाटक कंपनीत तुम्ही हिरण्यकश्यपू होता, रावण होता, बळीराजाही होता. कंपनी मोडली आणि तुम्ही कोल्हापुरातच स्टुडिओत लागला, तिथेही राक्षसच. उंचीपुरी देहयष्टी, खर्जातला आवाज आणि मोठे पाणीदार डोळे. तोंडावरचे देवीचे व्रण रंगाखाली झाकायचे आणि टक्कल टोपाखाली. संस्थान नुकतंच विलीन झालं होतं, गावात जो तो पुढं काय होणार याच्या चर्चा करत होता, आणि तुम्ही रोज दिवसभर त्रैलोक्य जिंकून संध्याकाळी रॉकेलचा डबा घेऊन घरी यायचा. आई म्हणायची, "सोर्गातनं येताना जरा भाजीबी आणत जावा." येण्याआधी तुम्ही स्टुडिओतच खोबरेल तेलानं रंग उतरवायचा, साबण लावायचा, तरी कानामागे थोडा राहायचाच. कंपनीतली शिस्त तुमच्या अंगात मुरलेली होती. रंगपटाच्या उंबऱ्याबाहेर रंग न्यायचा नाही. मुकुट चढवताना त्याला नमस्कार करायचा आणि उतरवताना पुन्हा करायचा, चढवताना परवानगीचा आणि उतरवताना माफीचा. तुम्हीच मला हे सांगितलं होतं. मी विचारलं होतं, माफी कशाची, तर म्हणालात, "आपलं नसलेलं डोस्क्यावर घेतलं, त्याची."

मग तो देवाचा सिनेमा आला. विष्णूचं काम करणारा नट मालकाशी भांडून पुण्याला निघून गेला, आणि दिग्दर्शकाला तुमचे डोळे दिसले. तुम्हाला रंगानं सावळं केलं, टोप घातला, पीतांबर नेसवला आणि तुम्ही उभे राहिलात. आम्ही स्टुडिओत बघायला आलो होतो. खरं सांगते, माझेही हात जोडले गेले. सिनेमा चालला. गावोगावच्या जत्रेत तंबूत चालला, कागलला चालला, पार गडहिंग्लजपर्यंत गेला. तंबूत लोक पायताणं बाहेर काढून बसायचे आणि पडद्यापुढं नारळ फोडायचे. पहिल्यांदा महाद्वार रोडवर एक बाई तुमच्या पाया पडली, तेव्हा तुम्ही विंचू चावल्यासारखे मागे सरलात. "अवो मावशी, नाटकवाला हाय मी," म्हणालात आणि घरी येऊन ती गोष्ट आम्हाला हसत सांगितलीत. नंतर मागं सरणं थांबलं. मग उजवा हात थोडा वर जायला लागला. मग ते हसू घरी यायला लागलं, पडद्यावरचं, ओठ न उघडता हसलेलं. आमटीत मीठ कमी असलं तरी तुम्ही तसं हसायचा. आईनं एकदा पळी ठेवली आणि म्हणाली, "आळणी झाली असंल तर सरळ आळणी म्हणा. असं काय हसताय, शाप द्यायच्या आधी हसल्यागत?" आम्ही भावंडं ताटात तोंड घालून हसलो. तुम्ही नाही हसला.

अंबाबाईच्या देवळातला शुक्रवार मी विसरू शकत नाही. आपण सगळे दर्शनाला गेलो होतो. गाभाऱ्यासमोर गर्दी होती आणि आपण रांगेत होतो. कुणीतरी तुम्हाला ओळखलं, कुजबुज झाली, आणि बघता बघता लोक वळले. देवीकडं पाठ करून लोक तुमच्या पाया पडायला लागले, आबा. आणि तुम्ही हात वर केलात. मला ते खुपलं, पण त्यात अभिमानही होता. रांग सोडून आई तडक घरी चालायला लागली, देवीचं दर्शन न घेता. आयुष्यात तिनं शुक्रवार चुकवला तो तेवढाच. घरी आल्यावर तिनं चूल पेटवली, तुमचं ताट वाढलं आणि मला म्हणाली, "पोथी काढ. नहुषाचं वाच."

आईला वाचता येत नव्हतं, तेव्हा पोथी मीच वाचायची हे ठरलेलं होतं. मी त्या वेळी हायस्कुलात होते आणि वाचनात माझा पहिला नंबर होता, याचा मलाही कमी तोरा नव्हता. मी चुलीजवळच्या उजेडात वाचत गेले. इंद्र परागंदा झाला, स्वर्गाचं आसन रिकामं पडलं, म्हणून देवांनी पृथ्वीवरचा एक चांगला राजा शोधला आणि त्याला तिथं बसवलं. तो राक्षस नव्हता. त्यानं तप करून कुणाला छळलं नव्हतं, वर मागितला नव्हता. तो नको नको म्हणत होता आणि देवांनीच आग्रह केला. पण बसला, आणि लोक नमस्कार करायला लागले, आणि एके दिवशी त्यानं ऋषींना आपल्या पालखीला जुंपलं. पालखी जोरात पळेना म्हणून त्यानं एका ऋषीला लाथ मारली आणि त्याच क्षणी अजगर होऊन खाली पडला. एवढं वाचून झाल्यावर तुम्ही घास खाली ठेवला आणि म्हणालात, "मी काय ऋषी जुंपल्यात व्हय पालखीला?" आई भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "पालखी दारात येऊस्तवर त्यालाबी वाटलं नसंल. लोकांनी देवीकडं पाठ केली आन तुमी हात वर केलासा. राक्षसाचं काम करत हुता तवा बरं हुतं. संध्याकाळी माणूस घरी यायचा." तुम्ही ताटावरून उठलात. त्या दिवसापासून घरात कुणी मोठ्यानं बोलेना.

मी आता पोथी सांगते तेव्हा हे एक बायकांना नेहमी सांगते, तुमचं नाव न घेता. पुराणातल्या राक्षसांचा गर्व ओळखायला सोपा असतो. तो छातीवर हात मारून 'मीच देव' म्हणतो, मग खांबातून नरसिंह येतो आणि हिशेब चुकता होतो. लहान पोरालाही कळतं की याचं काही खरं नाही. नहुषाचं तसं नाही. त्याला लोकांनी वर बसवलं. त्यानं फक्त उतरायचं टाळलं. भल्या माणसाला चढतो तो गर्व असा पाय न वाजवता येतो आणि देवाच्याच वाटेनं येतो, देवळातून, पोथीतून, लोकांच्या प्रेमातून, म्हणून त्याला चोर म्हणायची हिंमत होत नाही. हे मी सांगते तेव्हा बायका माना डोलावतात आणि पोथी संपल्यावर माझ्या पाया पडतात. म्हणजे बघा.

तुम्ही ऐकलं नाहीत, हे मात्र मी आज स्पष्ट लिहिणार. उलट त्यानंतर तुम्ही दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत रंगासकट घरी यायला लागलात. मुकुट आणि दागिने तेवढे स्टुडिओत ठेवायचे. टोप, पीतांबर, अंगभर रंग तसाच. म्हणायचा, धुवून परत लावायला वेळ कुठं असतो. वेळेचं खोटं होतं, आबा. रस्त्यात लोक उभे राहायचे ते तुम्हाला हवं होतं. आई पानं वाढायची आणि स्वतः पाठ करून बसायची. असंच एका दुपारी तुम्ही टांग्यातून उतरलात, तर आपल्या पायरीवर एक म्हातारी बसली होती. कागलच्या पलीकडच्या कुठल्याशा वाडीची. मांडीवर नातू, चार-पाच वर्षांचा, अंग तापलेलं, मान ताठ, डोळे अर्धे उघडे. एसटीनं ती त्याला सरकारी दवाखान्यात न्यायला आली होती. वाटेत कुणीतरी तिला सांगितलं की सिनेमातला देव इथंच राहतो. तिनं तुम्हाला बघितलं आणि तिथंच पायरीवर डोकं टेकलं. "देवा, हात ठिव की रं माझ्या लेकराच्या डोस्क्यावर." मी दारातच उभी होते. तुम्ही हात ठेवलात. नुसता ठेवला नाहीत, डोळे मिटलेत, आणि त्या खर्जातल्या आवाजात म्हणालात, "कल्याण होईल."

म्हातारीनं पदर डोळ्याला लावला, पोराला खांद्यावर टाकलं आणि उठली. दवाखान्याची वाट डावीकडं होती, ती उजवीकडं वळली. आईनं आतून हाक मारली, "अगं म्हातारे, दवाखाना हिकडं हाय." ती म्हणाली, "आता कशाला दवाखाना बाई? देवानं हात ठिवला न्हवं. तीनची गाडी गावंल, जातो घरला." तेव्हा तुमच्या तोंडावरचं ते हसू गेलं. मी ते जाताना बघितलंय. तुम्ही तिच्यामागे धावलात, पीतांबर सावरत, आणि तिच्या पुढ्यात आडवे उभे राहिलात. "म्हातारे, मी देव न्हाय. नट हाय, नट. पोराला दवाखान्यात ने." ती हसली. असं समाधानानं हसणं मी पुन्हा कुणाच्या तोंडावर बघितलं नाही. "असंच म्हननार तू. कथंत ऐकलंय म्या, देव आदी न्हाई म्हनतो. सत्त्व बगतोयस माझं. बग की, म्या न्हाई ढळायची." तुम्ही जितकं नाही म्हणाल तितका तिचा विश्वास घट्ट व्हायला लागला. तुम्ही ओरडलात, तर ती आणखी नम्र झाली. तुम्ही हात जोडलेत, तर ती घाबरून तुमच्या पायावर पडली. पोराची मान तिच्या खांद्यावर लाकडासारखी ताठ होती. गल्ली गोळा झाली होती, पण पोराला तिच्याकडून घ्यायला कुणी पुढं होईना, कारण गल्लीतल्या अर्ध्या लोकांनाही वाटत होतं की देव तिचं सत्त्वच बघतोय.

तुम्ही आईकडं बघितलंत. कित्येक दिवसांत पहिल्यांदा. आई आत गेली आणि खोबरेल तेलाची बाटली आणि जुनं धोतर घेऊन आली. भर रस्त्यात तुम्ही उकिडवे बसलात, टोप उपटून मला दिलात, आणि तोंडाला तेल चोळायला लागलात. घाईत रंग निघण्याऐवजी पसरला, गंध ओघळून नाकावर आलं. आईनं धोतराचा बोळा केला आणि तुमची हनुवटी धरून खसाखसा पुसलं, आम्हा पोरांना पुसायची तसं. अर्धा सावळा, अर्धा गोरा, तोंडावर व्रण, डोक्यावर टक्कल, असा तुमचा चेहरा तिनं म्हातारीकडं वळवला आणि म्हणाली, "बग नीट. माझा नवरा हाय ह्यो. घोरतोबी." गल्लीत कुणी हसलं नाही. म्हातारी बघत राहिली. आधी तिला कळेना, मग कळलं, आणि तिनं जो हंबरडा फोडला तो पोरासाठी नव्हता. "माझा देव कुटं गेला रं," म्हणून ती खालीच बसली. तेवढ्यात तुम्ही पोराला उचललंत आणि तसेच, तेलकट तोंडानं, पीतांबर गुडघ्यापर्यंत खोचून, टांग्यात चढलात. आई म्हातारीला हाताला धरून घेऊन आली. मी टोप हातात घेऊन रस्त्यात उभी राहिले, ठेवावा कुठं ते कळेना.

पोरगा वाचला. ताप मेंदूपर्यंत पोचला होता, गाडीनं परत नेला असता तर रात्र काढली नसती, असं डॉक्टर म्हणाल्याचं तुम्ही सांगितलंत. पोराला घरी न्यायच्या दिवशी म्हातारी आपल्याकडं आली, पण उंबऱ्याच्या आत आली नाही. आईनं चहा पुढं केला, तोही घेतला नाही. तुम्ही बाहेर आलात, सदऱ्यात, टकलावर हात फिरवत. ती म्हणाली, "लेकरू वाचलं, तुमचं उपकार हाईत. पर मला फशीवलासा तुमी. आता तंबूत बसून म्या कुनाला हात जोडू?" आणि पोराला घेऊन निघून गेली. मला तिचा राग आला. जीव वाचवला आणि वर हे ऐकून घ्यायचं. तुम्ही म्हणालात, "तिचं बरोबर हाय. तिनं तिचा देव मला ठिवायला दिला हुता, मी वापरला." बस, एवढंच. त्या दुपारी आईनं तुमच्यासमोर बसून जेवायला सुरुवात केली.

त्यानंतर तुम्ही स्टुडिओत जाऊन सांगितलंत की देवाचं काम करणार नाही. मालक हसले, मग चिडले, मग पुण्याहून दुसरा नट आणला. तुम्ही पुन्हा राक्षस झालात, पुढं राक्षसाच्या मागे उभे राहणारे राक्षस झालात, पगार खाली आला, घरात दुधाचा रतीब निम्मा झाला. कुणी विचारलं तर म्हणायचा, "राक्षसाला कोन हात जोडत न्हाई. निवांत असतंय." पण लोक जुना सिनेमा विसरायला तयार नव्हते. तेव्हा तुम्ही तुमची ती युक्ती काढलीत. समोरचा वाकायला लागला की त्याच्या आधी आपण वाकायचं. एसटी स्टँडवर एका पावण्याची आणि तुमची टाळकी अशी काही आपटली की दोघंही कपाळ धरून बसलात. कपाळाला टेंगूळ घेऊन घरी आलात आणि पोट धरून हसलात, तोंड उघडून, सगळे दात दिसेपर्यंत. मला वाटतं, माझे वडील मला परत मिळाले ते त्या टेंगळासकट. देवळातही तुम्ही असेच जायचा. रांगेत उभं राहायचं, गाभाऱ्यासमोर आल्यावर लोटांगण घालायचं आणि लोक ओळखायच्या आत पालथेच पडून राहायचं. पुजारी म्हणायचा, पावणं, उठा की आता, मागं लोक खोळंबल्यात.

आता माझं ऐका. मागच्या आठवड्यात पोथीनंतर एक मुलगी थांबली. तरुण, नोकरी करणारी, शिकलेली. तिच्या नवऱ्याचं ऑपरेशन करायचं की नाही हे तिनं मला विचारलं. डॉक्टर करा म्हणतात, सासू नको म्हणते, माई तुम्ही सांगाल तसं. मी काय सांगायला हवं होतं? की बाई गं, मी भूगोल शिकवत होते, मला ऑपरेशनातलं काय कळतंय. मी 'करा' म्हणाले, ते बरोबरच होतं. पण 'करा' म्हणायच्या आधी मी डोळे मिटले, आबा. थोडा वेळ मिटून ठेवले. डोळे मिटण्यासारखं त्यात काही नव्हतं. उघडले तेव्हा ती हात जोडून उभी होती, आणि मला आपली पायरी, तो टांगा, सगळं समोर दिसलं. मी 'नको' म्हणाले असते तरी तिनं ऐकलं असतं, हे मला कळलं. आज चांदीचं तबक आहे, उद्या माझा फोटो दत्ताच्या शेजारी लागेल, आणि परवा कुणीतरी उजवीकडं वळेल. तेव्हा तेल घेऊन बाहेर यायला माझ्या घरात कुणी नाही.

म्हणून मी ठरवलंय. पूजा होणार नाही. उद्या त्या तबकात दत्ताच्या पादुका ठेवायच्या आणि मी इतर बायकांत खाली बसायचं. पोथीही आठवड्यातले दोन दिवस त्या वाती वळणाऱ्या बायकांपैकी एकीनं वाचायची, अडखळली तरी चालेल. पोथीनंतर कुणी माझ्या पाया पडायचं नाही, हे पाटीवर खडूनं लिहून दाराशी ठेवणार आहे. तुमच्यासारखं आधी वाकून मोकळं होणं मला जमायचं नाही, गुडघे वाकत नाहीत. त्या मुलीलाही भेटून सांगणार आहे की ते उत्तर माझं नव्हतं, डॉक्टरांचं होतं. बँकेवाले रागावतील. रागावू देत. बायका म्हणतील, माईंचा केवढा मोठेपणा, पूजाही नाकारली. तेही कानावर येईल आणि ते गोड लागेल, याचीही तयारी मी ठेवली आहे. त्याला माझ्याकडं अजून औषध नाही, तुमच्याकडं असलं तर तेही तुम्ही बरोबर घेऊन गेलात.

हे पत्र टाकायचं कुठं, हा प्रश्नच नाही. घडी घालून पेटीत ठेवीन आणि चपला घालून निघेन, ऊन उतरलंय. एवढंच राहिलं सांगायचं. 'नको म्हणायचं' हे मी चार दिवसांपूर्वीच पक्कं केलं होतं, देवाशपथ. आणि आज सकाळी न्हाणीघरात बसून, वजरी घेऊन, मी चांगला तासभर टाचा घासल्या.